तासांचा हिशेब कोणाच्या वहीत?



नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे. लोखंडे म्हटले की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते, आणि ते योग्यच आहे. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास गिरणी कामगार जमले, त्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज मात्र मला त्याच्या सहा वर्षे आधीच्या एका निवेदनाबद्दल बोलायचे आहे.

१८८४ साली लोखंड्यांनी मुंबईत बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगासाठी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार झाले. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कोणी कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. उरलेली मागणी आपण सहसा सांगत नाही. ज्या महिन्याचे काम झाले, त्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा, ही ती मागणी.

मागणी किती माफक आहे पाहा. महिना संपल्यावर आणखी पंधरा दिवस थांबायला हे लोक तयार होते. म्हणजे तेव्हा त्याहूनही जास्त थांबावे लागत असणार. महिनाभराचे काम आणि वर हे पंधरा दिवस मिळून दीड महिना घर चालवायचे ते वाण्याच्या उधारीवर. वाण्याने हात आखडला की सावकाराकडे जायचे. गिरणगावात सावकारी व्याजाचा सर्रास दर रुपयाला महिन्याला एक आणा होता, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. स्वतःच कमावलेला पैसा मालकाकडे पडून आहे आणि तो हातात येईपर्यंत कामगार व्याज भरतो आहे, अशी ही व्यवस्था होती. शिवाय मागचा पगार अडकलेला असताना दुसऱ्या गिरणीत जाता येत नसे. गेले तर तो बुडालाच.

कामाच्या तासांची मागणी आणि पगाराच्या तारखेची मागणी लोखंड्यांनी एकाच निवेदनात मांडली, याला मी फार महत्त्व देतो. ते स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीच्या वह्या त्यांनी आतून पाहिल्या होत्या. कामगार किती वेळ राबला याची नोंद ज्याच्या हातात, त्याच्याच हातात त्याचा पगार, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मजुरीचे दावे चालवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि मला जे सांगायचे आहे तेही एवढेच आहे. ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्यात लिहिलेला आहे. पगार कोणत्या तारखेला द्यायचा तेही लिहिलेले आहे. हे दोन्ही हक्क बुडतात ते हजेरीच्या वहीत. म्हणून कामाच्या तासांची नोंद हा मजुरीचाच भाग आहे, आणि तिच्यावर कामगाराचा मजुरीइतकाच हक्क आहे.

आता थोडा मागचा प्रवास पाहू, कारण दुप्पट दर का आला हे आपण विसरलो आहोत.

लोखंड्यांनी सूर्यास्ताची मर्यादा मागितली, तेव्हा गिरण्या दिवसाच्या उजेडावर चालत. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कापडाला तेजी होती. दिवे लागले, पण घरी कधी सोडायचे याला कायद्याचे बंधन नव्हते. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता, १८९१ च्या दुरुस्तीत स्त्रिया आल्या, आणि प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याने पहिली मर्यादा पडली ती १९११ मध्ये, कापड गिरण्यांत बारा तासांची. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे गेले होते. तिथल्या पहिल्याच ठरावाने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरवला, पण हिंदुस्थानासाठी वेगळे कलम घालून साठ तासांचा आठवडा ठेवला. आमच्या देशातला माणूस बारा तास जास्त राबू शकतो, असे जगाने ठरवून टाकले. १९२२ च्या कायद्यात तेच साठ तास आले, १९३४ मध्ये चोपन्न झाले. अठ्ठेचाळीसवर यायला १९४६ साल उजाडावे लागले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते विधेयक मांडले होते. वॉशिंग्टनने नाकारलेले बारा तास कामगाराला परत मिळायला सत्तावीस वर्षे लागली.

पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५९ आले. दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम झाले, तर त्या जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी. दुप्पट का, दीडपट का नाही, सारखी का नाही? नवव्या-दहाव्या तासाला माणसाची कंबर आणि डोळे थकलेले असतात, हात यंत्रात जाण्याची भीती वाढलेली असते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोठे आहे. जादा काम मालकाला महाग पडले पाहिजे, म्हणजे तो दोन माणसांचे काम एकाच्या गळ्यात न घालता दुसरा माणूस कामाला लावेल. ओव्हरटाइमचा दर हा लांबलेल्या दिवसाला घातलेला लगाम आहे. त्यामागे कमाई वाढवण्याचा हेतू मुळात नव्हता.

आज कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवर नोकरीसाठी उभ्या असलेल्या पोराला विचारा. त्याचा पहिला प्रश्न पगार किती हा नसतो. ‘ओटी मिळते का?’ हा असतो. मूळ पगारात खोलीचे भाडे, मेस आणि गावी पाठवायचे पैसे बसत नाहीत, म्हणून बारा तास हाच त्याचा नेहमीचा दिवस होतो. मग ओटी कोणाला द्यायची हे सुपरवायझर ठरवतो. जो मान खाली घालून काम करतो त्याला मिळते, जो प्रश्न विचारतो, युनियनच्या मीटिंगला जातो, त्याची बंद होते. पगाराला हात न लावता त्याचे उत्पन्न एका फटक्यात खाली येते. मालकाचे गणितही सरळ आहे. नवीन माणूस घेतला तर त्याचा भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, पुढे ग्रॅच्युइटी आली. ओव्हरटाइमच्या रकमेवर भविष्य निर्वाह निधीची वर्गणी भरावी लागत नाही. त्यामुळे दुप्पट दर दिला तरी पुष्कळदा परवडतो, आणि तोही न देता ‘सिंगल ओटी’ दिली तर विचारायलाच नको.

सिंगल ओटी म्हणजे जादा तासाला साध्याच दराने पैसे. हे इतके रूढ आहे की अनेक कामगारांना तो आपला हक्कच वाटतो. त्याच्या खाली आणखी प्रकार आहेत. ओटीची रक्कम पगारपत्रकावर न दाखवता ‘हजेरी बक्षीस’ म्हणून देणे. दुप्पट दर काढताना भत्ते वगळून फक्त मूळ पगार धरणे. पंचिंगमधली पंचवीस-अठ्ठावीस मिनिटे रोज सोडून देणे. रोजची ही मिनिटे महिन्याला दहा-बारा तासांवर जातात. हेल्परला ‘ट्रेनी’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असे पद देऊन तो कामगारच नाही असे म्हणणे. न्यायालये पदाचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात, पण तिथपर्यंत जातो कोण? आणि एक प्रकार असा, जो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बराच वेळ मला बोलायला सुचले नव्हते. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, पासबुकात किमान वेतन दिसते, पण एटीएम कार्डे कंत्राटदाराच्या माणसाकडे असतात. पैसे तोच काढतो, आणि ठरलेली रक्कम रोखीने कामगाराच्या हातावर ठेवतो. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे कागद बिनचूक मिळतात.

जुन्या गिरण्यांमध्ये ‘डबल खाडा’ नावाची पद्धत होती. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. विणकाराने काढलेल्या कापडात खोट निघाली की ते कापड त्याच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करायची. दंडांना तर हिशेबच नव्हता. ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या १९२९ च्या शाही श्रम आयोगापुढे हे सारे आले, आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम झाला. दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा आली आणि पगाराला तारीख आली: लहान आस्थापनेत सात, हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर दहा. लोखंड्यांनी मागितलेल्या पंधरा तारखेपेक्षा कायदा पुढे गेला खरा, पण मधे बावन्न वर्षे गेली होती.

आता एक प्रकरण जरा जवळून सांगतो. एजन्सीचे आणि जागेचे नाव घेणार नाही.

एका मोठ्या गृहसंकुलाच्या गेटवरचे पहारेकरी माझ्याकडे आले. बारा तासांची ड्युटी, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. रिलीव्हर आला नाही तर सलग चोवीस तास, ज्याला ते ‘डबल’ म्हणतात. एजन्सीने सादर केलेल्या मस्टरवर प्रत्येकाची हजेरी आठ तासांची होती. संपूर्ण महिना एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत भरलेला. कोणाला एक दिवस उशीर नाही, कोणाची वेळ पाच मिनिटांनी इकडची तिकडे नाही. जिवंत माणसांची हजेरी अशी नसते. पण ‘अशी नसते’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही.

पुरावा मिळाला तो गेटवरच्याच दुसऱ्या वहीत. पाहुण्यांची आणि गाड्यांची आवक-जावक लिहायची वही. गाडीचा नंबर, फ्लॅट नंबर, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात ड्युटीवरच्या पहारेकऱ्याची सही. ती वही या लोकांनीच भरली होती, स्वतःच्या अक्षरात. दुपारी चारला ज्याची पाळी मस्टरप्रमाणे संपली, त्याची सही संध्याकाळी सव्वासात वाजता आलेल्या दुधाच्या टेम्पोपुढे होती. रात्री अकराला आलेल्या रुग्णवाहिकेपुढे ज्याची सही, त्याचीच दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाल्यापुढे. एका पहारेकऱ्याच्या घरचे भिंतीवरचे कालनिर्णयही आम्ही दाखल केले. आपल्या घरांत त्यावर दूधवाल्याचे आणि कामवाल्या बाईंचे खाडे मांडलेले असतात. या घरात त्याच्या बायकोने नवऱ्याच्या डबल ड्युटीच्या तारखांवर ‘ड’ लिहून ठेवला होता, कारण त्या दिवशी डबा दोनदा पाठवावा लागे. तिचे ‘ड’ आणि गेटवरच्या वहीतल्या सह्या ताडून पाहिल्या. जुळल्या. एजन्सीने शेवटी तडजोड केली. पूर्ण रकमेवर नव्हे, पण पैसे दिले.

हा विजय म्हणून मी सांगत नाही. ती वही रद्दीत गेली असती तर? ती ताब्यात होती सोसायटीच्या, कामगारांच्या नव्हे. आणि ज्यांच्या गेटवर अशी वही नसते, त्यांनी काय करायचे? दिवसभर मालकासाठी नोंदी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या तासांची नोंद मिळत नाही, हा दोष त्या एका एजन्सीचा नाही.

पहारेकऱ्यांच्या त्या बारा तासांचे पैसे कायद्याने किती होतात, तेही एका सरकारी अधिसूचनेतल्या उदाहरणावरून पाहू. टाळेबंदीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात सरकारने एक अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला बहात्तर तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांना साध्याच दराने मजुरी द्यायची असे ठरवले. अधिसूचनेत उदाहरणही दिले होते: आठ तासांचे ऐंशी रुपये असतील तर बारा तासांचे एकशेवीस. कलम ५९ प्रमाणे हिशेब करा. आठ तासांचे ऐंशी, म्हणजे तासाला दहा. जादा चार तासांना तासाला वीस, म्हणजे आणखी ऐंशी. एकूण एकशेसाठ. सहा दिवस आठ-आठ तास काम करून अठ्ठेचाळीस तास पुरे करणाऱ्या माणसाचे जादा चार तास म्हणजे कायद्याच्या हिशेबाने पूर्ण एका दिवसाची मजुरी असते. याच दुप्पट दराने पाचशे रुपये रोज असलेल्या पहारेकऱ्याला बारा तासांचे हजार मिळायला हवेत. त्याला मिळतात पाचशे, फार तर साडेसातशे.

गुजरातमधल्या कामगार संघटनांनी त्या अधिसूचनेला आव्हान दिले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. महामारीने उद्योगांवर आलेले संकट म्हणजे कारखाने अधिनियमात अभिप्रेत असलेली सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले, आणि त्या काळात ज्यांनी ज्यांनी जादा काम केले त्यांना कायद्याप्रमाणे दुप्पट दराने पैसे देण्याचा आदेश दिला. मला या निकालाचा अभिमान वाटतो. पण आदेश अमलात यायचा तर कोण किती तास राबला हे दाखवावे लागते. त्या साडेपाच महिन्यांत यंत्रापुढे उभ्या असलेल्या किती जणांकडे आपल्या तासांचा कागद होता?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले दैनंदिन कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याचा आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करण्याचा निर्णय घेतला. कामगाराची लेखी संमती घ्यावी, असे त्यात आहे. ज्याने नोकरीच्या पहिल्या दिवशी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आहेत, त्याची संमती कशी असेल ते मला माहीत आहे. आणि मर्यादा वाढवूनही बारा तासांची ड्युटी तिच्यात बसत नाही. आठवड्याला सहा दिवस बारा तास म्हणजे चोवीस तास जादा. एकशे चव्वेचाळीस तास सहा आठवड्यांत संपतात. तिमाहीत आठवडे तेरा. सातव्या आठवड्यापासून पुढचे काम कोणत्या वहीत लिहायचे? कोणत्याच नाही, आणि म्हणून मस्टरवर आठ तास दिसतात. कमी मोजलेला तास पैसे वाचवतो आणि बेकायदा तासही लपवतो. बनावट मस्टरचा मालकाला असा दुहेरी फायदा आहे.

आता वसुलीकडे येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम, १९४८ चा किमान वेतन अधिनियम हे वेतन संहिता २०१९ मध्ये सामावले गेले. या संहितांमध्ये मला न पटणारे पुष्कळ आहे. संप करणे अवघड झाले आहे, आणि निरीक्षकाला ‘सुविधाकार’ही केल्याने त्याच्या हातातला धाक गेला आहे. पण पगाराच्या वसुलीपुरते बोलायचे, तर काही तरतुदी जुन्यापेक्षा चांगल्या आहेत. त्या कामगारापर्यंत पोचवणे आपले काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किमान वेतनाचा दर ठरलेल्या कामात जादा वेळेला दुप्पटीपेक्षा कमी दर देता येणार नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. नोकरी सोडली, काढून टाकले, कारखाना बंद झाला, काहीही झाले तरी हिशेबाची मजुरी कामाच्या दोन दिवसांत. ‘फुल अँड फायनल तीन महिन्यांनी’ हे वाक्य जे एचआरमधले लोक सवयीने बोलतात, त्याला मजुरीपुरता कायद्यात आधार नाही. दावा करायला पूर्वी एका कायद्यात बारा महिने, दुसऱ्यात सहा महिने होते. आता तीन वर्षे मिळतात. कामगार स्वतः, त्याची युनियन किंवा निरीक्षक, कोणीही अर्ज करू शकतो. देणे सिद्ध झाले तर त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, मजुरी दिली नाही अशी तक्रार आली, तर ती दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

या शेवटच्या तरतुदीचा आपण अजून पुरेसा उपयोग केलेला नाही. लेबर ऑफिसमध्ये अजूनही पहिला प्रश्न कामगारालाच येतो, ‘पुरावा काय?’ त्याने लाजून मान खाली घालण्याचे कारण नाही. त्याने तारखा, पाळी आणि जादा तास सांगणारा साधा तक्ता द्यावा, हाताने लिहिलेला चालेल, आणि हजेरी व पगाराच्या नोंदी मालकाने हजर कराव्यात अशी लेखी मागणी करावी. रोज रात्री स्वतःच्या डायरीत वेळ लिहावी. ड्युटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे ‘आज थांबावे लागेल’ असे मेसेज पुसू नयेत. पंचिंग मशीनच्या पडद्याचा फोटो काढता आला तर काढावा. रोजच्या रोज केलेल्या नोंदीला जे वजन असते, ते नंतर आठवून सांगण्याला येत नाही.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे मात्र समजू नका. मालकाने भरले नाहीत तर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. कायद्याने कामगाराच्या घामाला सरकारी साऱ्याचा मान दिला. प्रत्यक्षात तो दाखला तहसील कचेरीतल्या फायलींत जातो. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात निघते, मग दाखला तिकडे. तिथला तलाठी सांगतो की या नावाची मिळकत सापडत नाही. जागा भाड्याची होती, यंत्रे बँकेकडे तारण होती. तारखेला जायचे तर कामगाराचा रोज बुडतो. साऱ्याची बाकी असेल तर सरकार शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवते. त्याच तत्परतेने मजुरीचा दाखला वसूल व्हावा यासाठी तहसील कचेरीत वेगळी नोंदवही आणि ठरलेली मुदत असावी, आणि किती दाखले आले, किती वसूल झाले हे दर वर्षी जाहीर व्हावे, ही माझी मागणी आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

दंडाबद्दलही बोलले पाहिजे. देय रकमेपेक्षा कमी मजुरी देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, कैद नाही, आणि तो तडजोडीने मिटवता येतो. वर सांगितलेल्या हिशेबाने एका पहारेकऱ्यामागे दिवसाला पाचशे म्हटले, तर दहा पहारेकऱ्यांची बुडवलेली ओटी दहा दिवसांत पन्नास हजार होते. एवढ्याच दंडाची भीती घातली तर कोण घाबरेल? खरी जरब त्या दहापट भरपाईत आहे, आणि ती देण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते तो फार हात आखडून वापरतात.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनी अवसायनात गेल्यावर कामगारांची शेवटच्या चोवीस महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली जातात. इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची देणी त्यानंतरच्या क्रमात येतात. कागदावर हे बरे दिसते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि कंपनी मोडीत काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. वैमानिकांपासून सामान चढवणाऱ्यांपर्यंत हजारो माणसे साडेपाच वर्षे वाट पाहत होती. पगार थकणे हे फक्त हमालाच्या नशिबी असते असे मानणाऱ्यांनी त्यांना भेटावे.

आणि हमालाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, या महाराष्ट्राने एक रस्ता फार पूर्वी काढलेला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. पाठीवर ओझी वाहणाऱ्या, आज या गोदामात तर उद्या त्या, अशा माणसांचा मालक कोण हेच ठरत नव्हते. कायद्याने मंडळे स्थापन केली. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराला देते. टोळीने किती काम केले याची नोंद देणारा आणि घेणारा या दोघांच्या बाहेर, तिसऱ्या जागी राहते. माथाडी मंडळांमध्ये पुढे बोगस टोळ्या शिरल्या, खंडणीच्या तक्रारी झाल्या. ते खरे आहे आणि ते निस्तरलेच पाहिजे. पण मूळ कल्पना अजोड आहे. १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठी तिच्याच धर्तीवर कायदा झाला, मंडळ झाले. मंडळाचा रक्षक आणि खाजगी एजन्सीचा रक्षक यांच्या पगारातला फरक कोणीही विचारून पाहावा. खाजगी एजन्सी सूट मिळवून मंडळाबाहेर राहतात आणि सोसायट्याही त्यांनाच पसंत करतात, कारण दर कमी असतो. तो दर कमी कशामुळे आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आजच्या काळात हजेरीची नोंद तिसऱ्या जागी ठेवणे १९६९ पेक्षा कितीतरी सोपे आहे. पंचिंग होताच कामगाराच्या मोबाइलवर वेळ यावी, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची, आणि तीच नोंद कामगार खात्याकडे जावी. बँकेतून शंभर रुपये काढले तरी मेसेज येतो. घरपोच जेवण आणणारा मुलगा कोणत्या चौकात आहे हे अॅपला सेकंदासेकंदाला कळते, पण तोच मुलगा आज किती तास रस्त्यावर होता हे विचारले की अशी नोंद नसल्याचे सांगितले जाते. त्याला अजून कर्मचारीच मानलेले नाही, म्हणून त्याला ओव्हरटाइमही नाही. ती लढाई पुढची आहे. तिच्यासाठीसुद्धा तासांची नोंद आजपासून हातात असावी लागेल.

या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेक जण आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. एजन्सीने मजुरी दिली नाही तर ज्या आस्थापनेत माणूस राबतो तिच्या मालकावर वेतन संहितेने जबाबदारी टाकली आहे, हे आधी लक्षात घ्या. पुढच्या महिन्याचे सुरक्षेचे बिल मंजूर करण्यापूर्वी एजन्सीकडून तीन कागद मागा: हजेरीपत्रक, जादा तासांचा तक्ता आणि प्रत्येकाच्या बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचा पुरावा. ते गेटवरच्या आवक-जावक वहीशी ताडून पाहा. ती वही भरली की रद्दीत देऊ नका, तीन वर्षे कपाटात ठेवा. आणि तुमच्या गेटवर बारा तासांच्या दोन पाळ्या असतील, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांचे कोटेशन मागवा, दर फ्लॅटमागे महिन्याला किती रुपये वाढतात ते काढा आणि तो आकडा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.